नोंद कोणाच्या हाती?

तार्तू, १ मे १९८७

तुम्ही मे दिनाच्या मिरवणुकीत आहात. गाव एस्टोनियातलं, पण सत्ता मॉस्कोची. लाल झेंडे, लेनिनच्या तसबिरी, आखून दिलेल्या घोषणा, सगळं दरवर्षीसारखं आहे. फक्त विद्यापीठातल्या मुलांनी यंदा वेगळेच सदरे घातलेत. त्यांवर लिहिलंय, ‘फॉस्फोराइट? नको, धन्यवाद!’ या राज्यात एवढं लिहायलाही छाती लागते.

मुलांना आलेला राग समजून घ्या. उत्तरेकडच्या विरुमा भागात फॉस्फोराइट या खनिजाच्या अवाढव्य खाणी खोदायचं मॉस्कोत ठरलं होतं. शेजारीच पांदिवेरेचं पठार आहे. एस्टोनियातल्या कितीतरी नद्या तिथे उगम पावतात आणि त्या चुनखडीखाली देशाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा साठा आहे. खाणींनी ते पाणी नासलं असतं. ज्यांच्या विहिरी जाणार होत्या, त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. फेब्रुवारीत पत्रकार युहान आरे यांनी टीव्हीवरच्या ‘पांडा’ या कार्यक्रमात ही योजना उघड केली आणि घरोघरी तीच चर्चा सुरू झाली. वर्ष सरायच्या आत योजना गुंडाळावी लागली.

पुढच्या प्रत्येक थांब्यावर एवढंच पाहत चला: माहिती कोणाजवळ आहे आणि ती कोणाला दिसते आहे?

विल्यांदीचा रस्ता, २३ ऑगस्ट १९८९

संध्याकाळचे सात वाजत आलेत. तुमच्या उजव्या हातात एका आजींचा खरबरीत हात आहे, डाव्या हातात शाळकरी मुलाचा. शेजारच्या मोटारीतला रेडिओ मोठ्यानं लावलाय, कारण कुठे माणसं कमी पडताहेत, कुठे सरकायचं, हे रेडिओवरूनच कळतं आहे. ताल्लिनपासून लाटवियातल्या रिगामार्गे लिथुआनियातल्या विल्निअसपर्यंत साडेसहाशे किलोमीटरहून लांब मानवी साखळी उभी आहे. तीन छोट्या देशांतली मिळून सुमारे वीस लाख माणसं रस्त्यावर आली आहेत.

आजचा दिवस मुद्दाम निवडलाय. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी हिटलर आणि स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करार केला आणि त्याच्या गुप्त कलमांत हे देश परस्पर वाटून टाकले. अशी कलमं नव्हतीच, असं मॉस्को अर्धशतक सांगत आलं. साखळीतल्या माणसांना तो लपवलेला कागद उजेडात हवा आहे. चार महिन्यांनी, डिसेंबरात, मॉस्कोच्या लोकप्रतिनिधी सभेला ती कलमं मान्य करून अवैध ठरवावी लागतात.

ताल्लिनचा टीव्ही मनोरा, २१ ऑगस्ट १९९१

काल रात्री संसदेनं स्वातंत्र्य जाहीर केलं. आज सोव्हिएत सैनिक ३१४ मीटर उंच मनोऱ्यापाशी पोचलेत. वर मूठभर पोलीस आणि तंत्रज्ञ अडकून बसलेत आणि त्यांनी लिफ्टच्या दारात काड्यापेटी अडकवून ती बंद पाडली आहे. मॉस्कोत कट्टर कम्युनिस्टांनी दोन दिवसांपूर्वी केलेलं बंड दिवस संपायच्या आत कोसळतं आणि सैनिक परततात. प्रक्षेपण चालूच राहतं. पुढे हा देश संगणकांकडे वळताना ही आठवण सोबत बाळगतो: बातमीचा रस्ता आपल्या ताब्यात नसेल, तर स्वातंत्र्यही आपलं राहत नाही.

एका खेड्यातलं वाचनालय, १९९०च्या दशकाचा शेवट

देश गरीब आहे. पंधरा लाखांहूनही कमी वस्ती, नवं चलन, बंद पडलेले कारखाने. २१ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष लेन्नार्ट मेरी यांनी ‘टायगर लीप’, म्हणजे वाघाची झेप, या योजनेची घोषणा केली. कल्पना होती अमेरिकेतले राजदूत तोमास हेंड्रिक इल्वेस आणि शिक्षणमंत्री याक आविक्सो यांची. शाळाशाळांत संगणक पोचवायचे, इंटरनेट जोडायचं आणि आधी शिक्षकांना शिकवायचं. छपरं गळत असताना हा खर्च कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. काही वर्षांतच शाळा जोडून झाल्या.

तुम्ही रस्त्यावर एक निळी पाटी पाहता. तिच्यावर ई-मेलच्या पत्त्यातलं गोल चिन्ह आहे. बाण वाचनालयाकडे जातो. आत पुस्तकांच्या कपाटाशेजारी संगणक ठेवलाय, आणि गावात कुणीही येऊन तो वापरू शकतं. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याला नवं शासन बंद राहू नये, याची काळजी शासनाचं ऑनलाइन पोर्टल उभं राहण्याआधी घेतली गेली. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती ही पाटी.

स्वयंपाकघरातलं टेबल, ऑक्टोबर २००५

स्थानिक निवडणूक आहे. तुमच्या हातात २००२पासून मिळू लागलेलं ओळखपत्र आहे. ते यंत्रात सरकवून तुम्ही सांकेतिक अंक देता, उमेदवार निवडता, दुसऱ्या अंकांनी सही करता. मत गेलं. कुठल्याही देशानं सगळ्या मतदारांसाठी अशी इंटरनेटची वाट याआधी उघडलेली नव्हती. पहिल्या खेपेला अवघे ९,३१७ लोक ही वाट धरतात.

घरातल्या कर्त्या माणसानं दरडावून मत द्यायला लावलं तर? त्यावर तोड काढलेली आहे. मुदतीत तुम्ही पुन्हा मत देऊ शकता आणि शेवटचं तेवढंच धरलं जातं. मतदान केंद्रात जाऊन कागदावर दिलेलं मत ऑनलाइन मताला रद्द करतं.

टेबलाखालून, म्हणजे डोळ्यांना न दिसता, चालणारी व्यवस्था याहून महत्त्वाची आहे. २००१मध्ये सुरू झालेल्या तिच्या पायाचं नाव ‘एक्स-रोड’. सगळ्या नागरिकांची सगळी माहिती एकाच कोठारात भरायची नाही, हे तिचं पहिलं तत्त्व. जमिनीची नोंद जमिनीच्या खात्याकडे, वाहनाची वाहन खात्याकडे. एका खात्याला दुसऱ्याकडून काही हवं असेल, तर ते कुलूपबंद वाटेनं मागावं लागतं आणि मागितल्याची खूण मागे राहते. शासनाला एकदा दिलेली माहिती शासनानं पुन्हा मागायची नाही, हे दुसरं तत्त्व. आईच्या नावाचा पुरावा घेऊन चार टेबलांवर हेलपाटे घालायचे नाहीत, झेरॉक्सचा गठ्ठा सांभाळायचा नाही.

पण ज्याच्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं, ती गोष्ट पुढची. आपली नोंद कोणत्या कार्यालयानं कधी उघडली, हे नागरिकाला स्वतः पाहता येतं. पुढे आरोग्याच्या नोंदींनाही हाच नियम लागला. कारण नसताना डोकावलं, तर त्या माणसाला जाब द्यावा लागतो. सोव्हिएत काळात गुप्त पोलीस माणसांच्या फायली ठेवत आणि माणसाला आपली फाइल कधी दिसत नसे. त्याच देशात ती दिशा उलटी फिरली. कागदाचा वेळ वाचला हा फायदा खराच, पण पाहणाऱ्यालाही कुणी पाहतं आहे, ही कमाई त्याहून मोठी आहे.

ताल्लिन, एप्रिलअखेर २००७

सोव्हिएत सैनिकाचा कांस्य पुतळा हलवण्यावरून शहरात दंगल उसळली आहे. त्याच वेळी संसद, मंत्रालयं, बँका, वर्तमानपत्रं यांच्या संकेतस्थळांवर खोट्या मागण्यांचा भडिमार सुरू होतो. काही काळ देशाबाहेरची रहदारीच तोडावी लागते. हल्ल्याच्या लाटा सुमारे तीन आठवडे येत राहतात. पुढच्या वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र ताल्लिनमध्येच उभं राहतं, आणि दहा वर्षांनी एस्टोनिया आपल्या कळीच्या नोंदींच्या प्रती लक्झेंबर्गमध्ये ठेवण्याचा करार करतो. जमीन गेली तरी राज्याची स्मृती जाऊ नये, ही त्यामागची धास्ती. इतिहासानं शिकवलेली आहे ती.

जंगल, ३ मे २००८

इथे थोडं जास्त थांबा. हातमोजे घाला.

एस्टोनियाचा जवळजवळ निम्मा भाग जंगलानं व्यापलेला आहे. इथला माणूस बेरी आणि अळंब्या वेचायला तिथे जातो. त्याच झाडांखाली वर्षानुवर्षं लोकांनी चोरून कचरा टाकलाय. उद्योजक राइनर न्योल्वाक आणि त्यांच्या साथीदारांनी ठरवलं, की सगळा देश एका दिवसात साफ करायचा. पण कचरा आहे कुठे, हेच कुणाला धड माहीत नव्हतं. म्हणून आधीचे कित्येक महिने स्वयंसेवक जंगलं तुडवत होते. ढीग दिसला की मोबाईलवर फोटो, ठिकाणाची नोंद, आणि ती थेट नकाशावर. नकाशा घडवायला आह्ती हेइन्ला पुढे आले. स्काइपचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी ते एक. दहा हजारांहून जास्त ढीग त्या नकाशावर उमटले.

आज सकाळी तुमच्या गटाला त्यांतली एक जागा वाटून मिळाली आहे. शेवाळात रुतलेले टायर तुम्ही पहारीनं उपटता. गंजलेलं दार, रंगाचे डबे, फ्रीजचा सांगाडा. शेजारी कोण काम करतंय हे विचारायला वेळ नाही, पोतं धरायला हात हवाय. पाच तासांत देशभरात ५० हजार माणसांनी सुमारे दहा हजार टन कचरा उचलला. म्हणजे दर शंभरातले जवळपास चार जण जंगलात आले होते.

ही माणसं एका ॲपनं गोळा झाली, असं समजू नका. शेतीच्या मोठ्या कामाला शेजाऱ्यांनी धावून जायचं आणि घरधन्यानं जेवू घालायचं, ही ‘तालगुद’ नावाची रीत तिथे जुनी आहे, अगदी आपल्या इर्जिकीसारखी. एरवी ती एका शेतापुरती असते. नकाशानं तिला देशाएवढं शेत दाखवलं. तंत्रज्ञानाचं काम तेवढंच होतं आणि ते फार मोलाचं होतं. ज्या घाणीची नोंद कोणत्याच दफ्तरात नव्हती, ती लोकांनी लिहिली, सगळ्यांना दाखवली आणि स्वतः उचलली. २०१८मध्ये याच कल्पनेवर दीडशेहून अधिक देशांत एकाच दिवशी सफाई झाली.

ताल्लिन, सप्टेंबर २०१७

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या संशोधकांना ओळखपत्राच्या चिपमध्ये दोष सापडलाय. सुमारे साडेसात लाख कार्डांवर त्याची सावली आहे, आणि महिन्याभरावर निवडणूक. गप्प बसायला याहून सोयीचं निमित्त सापडणार नाही. पंतप्रधान युरी रातास पत्रकारांसमोर येऊन दोष सांगून टाकतात. नोव्हेंबरात सदोष प्रमाणपत्रं गोठवली जातात, लोक घरबसल्या किंवा रांगा लावून कार्डं दुरुस्त करून घेतात. पुढे मार्च २०२३च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं इंटरनेटवरून पडतात. ऑनलाइन मतदानावर शंका घेणारे पक्ष आणि तज्ज्ञ तिथेही आहेत. त्यांचा वाद उघड्यावर चालतो, हेही त्या व्यवस्थेचं बळच.

नार्वा, आजचा दिवस

शेवटी पूर्वेच्या सीमेवर या. समोर राखेचे डोंगर आहेत. ते इथल्या तेलधारी दगडाच्या, ऑइल शेलच्या, राखेचे. दशकानुदशकं देशाची बहुतेक वीज हा दगड जाळूनच झाली. कागद वाचवणारे ते सर्व्हर याच धुरावर चालत होते. २०३५पर्यंत या दगडापासून वीज करणं थांबवायचं, असं सरकारनं २०२१मध्ये ठरवलं. इथल्या खाणकामगारांच्या पोटापाण्याचं काय, हा प्रश्न त्या तारखेइतकाच खरा आहे. स्क्रीनवर आलेलं शासन आपोआप हिरवं होत नाही. जंगलातल्या ढिगासारखीच धुराचीही नोंद लोकांपुढे लागते आणि नंतर अंगमेहनतही लागते.

तुमचा तालुका

परत आल्यावर मोबाईलवर सातबारा उघडा. सोय झाली आहे, आणि ती लहान नाही. तेरा लाखांच्या देशाचं जसंच्या तसं आपल्याकडे होणार नाही, हेही खरं. पण एस्टोनियाकडून घ्यायची गोष्ट लोकसंख्येवर अवलंबून नाही. नवं पोर्टल किंवा नवं ॲप आलं की तीन प्रश्न विचारायचे. माझी नोंद कोणी पाहिली, हे मला दिसेल का? चूक झाली तर ती मला वेळेत सांगितली जाईल का? आणि ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्यासाठी गावात पाटी कुठे लावणार? पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत हे लेखी द्या. आणि नदीकाठच्या कचऱ्याचे ढीग नकाशावर नोंदवायचं कामही त्याच दिवशी वाटून घ्या, कारण विचारणारा आणि उचलणारा माणूस एकच असतो, तेव्हाच शासनाला त्याचं ऐकावं लागतं.