डोंगराविना डोंगरी सायकल

नेदरलँड्स या देशाच्या नावाचाच अर्थ ‘सखल प्रदेश’ असा आहे. देशाची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे. युरोपातील मुख्य भूमीवरचे त्याचे सर्वोच्च स्थान म्हणजे लिम्बर्ग प्रांताच्या दक्षिण टोकावरील फाल्सरबेर्ग, आणि त्याची उंची आहे अवघी ३२२ मीटर. आपल्या सह्याद्रीतील कोणताही मध्यम गड त्याच्याकडे पाहून हसेल. अशा या देशाच्या एका सुपुत्राने १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलच्या शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिकच्या इतिहासात या क्रीडाप्रकाराचा समावेश त्याच वर्षी प्रथम झाला होता. पुरुषांचे पहिलेवहिले सुवर्ण स्वित्झर्लंडला नाही, फ्रान्सला नाही, तर डोंगर नसलेल्या देशाला मिळावे ही घटना वरवर विनोदी वाटते. तिचा मागोवा घेत गेले म्हणजे मात्र एका समाजाचा मोठा आणि काही ठिकाणी अतिशय दुःखद असा इतिहास समोर येतो.

‘देश सपाट, म्हणून लोक सायकल चालवतात’ असे या देशाविषयी सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धसत्य आहे. पहिली गोष्ट अशी की, ही सपाटी निसर्गाने आयती दिलेली नाही. बेम्स्टर नावाचे सरोवर पवनचक्क्यांच्या साहाय्याने उपसून १६१२ साली तेथे शेतजमीन करण्यात आली. हार्लेमचे विस्तीर्ण सरोवर १८५२ साली वाफेच्या पंपांनी कोरडे केले. आजचा स्किपोल विमानतळ त्याच सरोवराच्या तळावर उभा आहे. १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून झाउडरझे हा समुद्राचा फाटा बंद करण्यात आला आणि त्यातून पुढे फ्लेवोलँड हा एक संपूर्ण प्रांत वर आला. समुद्राने या धाडसाची किंमतही वसूल केली. १९५३ सालच्या फेब्रुवारीत बांध फुटले आणि १,८३६ माणसे बुडून मेली. या देशातील सरळ रेषेत जाणारा प्रत्येक रस्ता असा समुद्राशी झगडून मिळवलेला आहे.

दुसरी गोष्ट, सपाट मैदानावर चढ नसला तरी वारा असतो. उत्तर समुद्रावरून येणारा वारा अडवायला ना टेकडी, ना दाट वन. डच सायकलस्वार विनोदाने वाऱ्यालाच आपला डोंगर म्हणतात. झेलँड प्रांतातील ईस्टर्न शेल्ट धरणावर २०१३ सालापासून वाऱ्याविरुद्ध सायकल हाकण्याची एक राष्ट्रीय स्पर्धा भरवली जाते. वादळी वाऱ्याचा अंदाज आला की ती ऐनवेळी जाहीर होते. साधी, गिअर नसलेली, ताठ बसण्याची सायकल घेऊन साडेआठ किलोमीटर जायचे असते. चढ चढून गेल्यावर उतार तरी लाभतो. समोरून येणारा वारा मात्र तेवढीही दया दाखवीत नाही.

या देशात सायकल आली ती श्रीमंतांचे खेळणे म्हणून. १८६९ च्या सुमारास डेव्हेंटर येथे बर्गर्स यांचा सायकलचा कारखाना सुरू झाला. १८८३ साली उट्रेख्त येथे सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रस्त्यांवर दिशादर्शक फलक लावणे, चांगल्या वाटांसाठी आग्रह धरणे ही कामे तिने अंगावर घेतली. १९१९ सालापासून तिने रानावनांतील वाटांच्या तिठ्यांवर कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचे बुटके मार्गदर्शक बसवले. ते आजही वाटसरूंना वाट दाखवतात. हळूहळू सायकल स्वस्त झाली आणि कामगार, शिक्षक, धर्मगुरू, गृहिणी, सर्वांचीच झाली. इतकी की, १९२४ साली सरकारने तिच्यावर कर बसवला. कर भरल्याची खूण म्हणून धातूचा एक छोटा बिल्ला सायकलवर लावावा लागे. बेकारांना तो विनामूल्य मिळे, पण त्याला मध्यभागी भोक पाडलेले असे. तीसच्या मंदीत त्या भोकाने किती स्वाभिमानी माणसांची मान खाली घातली असेल याची कल्पनाच करावी.

१९४० साली जर्मन सैन्याने देश व्यापला. १९४२ च्या उन्हाळ्यात त्याने नागरिकांच्या सायकली जप्त करण्याचा सपाटा लावला. ही जखम इतकी खोल गेली की, युद्ध संपून कित्येक दशके लोटल्यावरही जर्मन पाहुण्यांना ‘आधी माझी सायकल परत करा’ असे म्हणण्याची डच लोकांत रीत होती. त्या थट्टेमागे कटू स्मरण होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिमेकडील शहरांत अन्न संपले. त्या दुष्काळात सुमारे २०,००० माणसे मरण पावली. ज्यांच्यापाशी सायकल उरली होती ते लोक, मुख्यतः स्त्रिया, घरातील चादरी आणि दागिने घेऊन बर्फातून दूरदूरच्या शेतकऱ्यांकडे बटाटे व धान्य मागायला निघत. टायर मिळत नसत. कोणी लाकडाच्या धावा बसवी, कोणी उघड्या लोखंडी चाकांवरच रेटत नेई. ज्या सपाट वाटांवर आज सहली निघतात त्याच वाटांवर तेव्हा भूक चालली होती.

युद्धानंतर सुबत्ता आली आणि तिच्याबरोबर मोटार आली. साठच्या दशकात शहरांतील चौक मोटारतळ झाले, जुन्या पेठा पाडून हमरस्ते आखले गेले आणि सायकल ही गतकाळातील वस्तू ठरू लागली. सपाट भूमी तीच होती. तरीही सायकलस्वार कमी होत होते. ‘सपाट म्हणून सायकल’ हा समज येथे पुरता खोटा ठरतो. १९७१ या एका वर्षात त्या देशाच्या रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक लहान मुले होती.

त्या मुलांपैकी एक मुलगी व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची होती. शाळेच्या वाटेवर सायकलवर असताना मोटारीखाली सापडून ती गेली. लांगेनहॉफ ‘दे टाइट’ म्हणजे ‘काळ’ या वृत्तपत्रात काम करीत. १८४५ साली स्थापन झालेले हे डच कॅथलिकांचे जुने व प्रतिष्ठित दैनिक. १९७२ साली त्यांनी त्यात एक लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला : ‘स्टॉप दे किंडरमोर्ट’, बालहत्या थांबवा. हा शब्द डच वाचकाला नवा नव्हता. हेरोद राजाने बेथलेहेमातील बालकांची जी कत्तल केली तिला डच भाषेत हाच शब्द आहे. दरवर्षी २८ डिसेंबरला ज्या निष्पाप बालकांचे आपण स्मरण करतो त्यांच्या रांगेत एका शोकाकुल पित्याने आपल्या काळातील मुले नेऊन बसवली. हेरोद या वेळी कोणी एक राजा नव्हता. तो सर्वांचा वेग होता, सर्वांची सोय होती.

या लेखातून त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तरुण माता-पिता मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, चौक अडवले, मंत्र्यांच्या दारी सायकलवरून गेले. योगायोग असा की, १९७३ च्या शरद ऋतूत खनिज तेलाचे संकट आले आणि ४ नोव्हेंबरपासून सरकारला काही रविवार मोटारबंदी पाळावी लागली. मोकळ्या हमरस्त्यांवर मुले खेळली. आपण काय गमावले होते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १९७५ साली सायकलस्वारांची नवी लढाऊ संघटना स्थापन झाली. त्याच सुमारास तिलबर्ग आणि हेग येथे मोटारींपासून विलग असे प्रायोगिक सायकलमार्ग बांधायला घेतले गेले. पुढील दशकांत असे मार्ग वाढत जाऊन आज सुमारे ३५,००० किलोमीटर झाले आहेत. १ कोटी ८० लाख लोकांच्या या देशात सुमारे २ कोटी ३० लाख सायकली आहेत. २०२३ साली तेथील रस्त्यांवर ६८४ माणसे मृत्यू पावली. लोकसंख्या आणि वाहने इतकी वाढूनही हा आकडा १९७१ च्या एक चतुर्थांशाहून कमी आहे. मात्र त्यांपैकी २७० जण सायकलस्वार होते, हेही सांगितले पाहिजे. लांगेनहॉफ यांचे काम अजून संपलेले नाही.

आता डोंगरी सायकलकडे वळू. तिचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात झाला. तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली दुरुस्त करून डोंगरावरील मातीच्या वाटांनी खाली झोकून देत. १९७६ साली त्यांनी पहिली शर्यत भरवली. १९७७ साली जो ब्रीझ यांनी याच कामासाठी खास सांगाडा बनवला आणि १९८१ नंतर अशा सायकली कारखान्यांतून बाहेर पडू लागल्या. नेदरलँड्समध्ये ती पोहोचली तेव्हा पुष्कळांनी तिला ‘सर्व प्रकारच्या भूमीवरील सायकल’ असे नाव दिले. डोंगरच नसताना ‘डोंगरी’ म्हणायचे कसे, अशी प्रामाणिक अडचण त्यामागे असावी!

परंतु अगदी सपाट देशातही काही उंचवटे असतात. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वीच्या हिमयुगात उत्तरेकडून सरकलेल्या बर्फाने वाळू आणि खडी पुढे ढकलून वेल्युव व उट्रेख्तच्या टेकड्यांची रांग रचली. या टेकड्या क्वचितच शंभर मीटर गाठतात. पण तेथे पाइनची राने आहेत, पाऊलवाटा आहेत, मुळांचे अडथळे आहेत. उत्तर समुद्राकाठी वाळूच्या टेकड्या आहेत. या दाटीच्या देशात पायी फिरणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांची एकाच वाटेवर गाठ पडू लागली आणि कुरबुरी झाल्या. त्यावर डच पद्धतीने बैठका होऊन तोडगा निघाला. स्वतंत्र, खुणा केलेल्या वाटा आखल्या गेल्या आणि त्यांची निगा राखायला स्वयंसेवक पुढे आले. आखूड चढ पुनःपुन्हा वळवून पुरेपूर वापरणे ही त्या वाटांची कला आहे.

अटलांटाचा तो विजेता बार्ट ब्रेंटयेन्स याच मातीतला. १९६८ साली लिम्बर्गमधील हालन या गावी त्याचा जन्म झाला. लिम्बर्ग हा परंपरेने कॅथलिक प्रांत. वाटेवाटेवर क्रूस आणि लहान प्रार्थनामंदिरे आढळतात. १९९५ साली तो जगज्जेता झाला, १९९६ साली त्याने ऑलिंपिक सुवर्ण मिळवले आणि २००४ साली अथेन्समध्ये कांस्यपदक.

ज्यांच्या वाट्याला एवढेही उंचवटे आले नाहीत त्यांनी ते निर्माण केले. ड्रेंथ प्रांतातील वेस्टर येथे १९३० च्या दशकापासून हेगसारख्या शहरांचा कचरा आगगाडीने येत असे आणि त्याचे खत करून नापीक जमिनीला दिले जाई. दशकानुदशके साचलेल्या कचऱ्याची तेथे टेकडी झाली. तिच्यावर माती घालून गवत लावले गेले, सायकलसाठी दगडी फरसबंद चढ बांधला गेला. २०२३ साली युरोपच्या रस्ता-सायकल अजिंक्यपदाचा निकाल याच टेकडीवर लागला. समुद्रातून जमीन काढणाऱ्यांनी कचऱ्यातून पर्वत काढला.

वाचकहो, या कथेत विनोद पुष्कळ आहे. पण तिच्या मध्यभागी एक लहान मुलगी आहे, हे विसरता येत नाही. तिच्या देशातील मुले आज सुरक्षित वाटांनी शाळेत जातात आणि सुट्टीच्या दिवशी चिखलाने माखून टेकडीवर धडपडायला मोकळी असतात. धडपडण्याचा आनंद त्यांना घेता येतो, कारण घरापासून शाळेपर्यंतची वाट त्यांच्यासाठी आधी कोणीतरी निर्धोक केली. त्या देशाने चढलेला खरा चढ तोच होता, आणि तो सपाट रस्त्यावर होता.