थाई मुष्टियुद्धातील कटिभ्रमण : एका शरीरतंत्राचा इतिहास

थाई मुष्टियुद्धाच्या इतिहासाचा प्रारंभ बहुधा नाय खानोम तोमच्या कथेने करण्यात येतो. 1767 साली अयुथ्या नगरी ब्रह्मी सैन्याच्या हाती पडली. बंदी म्हणून नेलेल्या या योद्ध्याने 1774 मध्ये ब्रह्मी राजासमोर एकामागून एक प्रतिस्पर्धी पराभूत केले, अशी ही कथा आहे. राष्ट्राभिमानाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे. परंतु त्या योद्ध्याने लाथ मारताना कंबर कशी फिरविली, याविषयी ती मौन बाळगते. सबब आजचे तंत्र अयुथ्याकालीन आहे, हे अनुमान केवळ तिच्या आधारे काढता येणार नाही. प्रस्तुत टिपणात कथेऐवजी तंत्रालाच साधन मानले आहे.

या लाथेचे बळ गुडघ्यात नसून कटिप्रदेशात असते. टेकलेल्या पायाच्या चवड्यावर शरीर फिरते, टाच पुढे वळते, कंबर लक्ष्याच्या पलीकडे जाते आणि त्याच बाजूचा हात खाली झोकला जातो. आघात पावलाने नव्हे, तर नडगीने होतो. कंबर वळली नाही, तर पाय केवळ स्वतःच्या वजनाने आदळतो. वळली, तर धडाचे वजन त्यामागे उभे राहते.

आता ज्या चौकटीत हे तंत्र पारखले जाते, ती पाहू. दोर गुंडाळलेल्या मुठींची जागा 1920 नंतरच्या दशकात हातमोज्यांनी घेतली. बँकॉकमध्ये 1945 साली राजदम्नेर्न व 1956 साली लुम्पिनी ही क्रीडागृहे उभी राहिली. तेथील गुणदानपद्धतीत प्रतिस्पर्ध्याचा तोल ढळविणाऱ्या लाथेला ठोशापेक्षा अधिक मान आहे. चपळ पण हलक्या लाथेपेक्षा कटिभ्रमणाची भारी लाथ येथे फलदायी ठरते, हे ओघानेच आले.

या तंत्राची खरी कसोटी परकीयांशी गाठ पडली तेव्हा लागली. 1964 साली तीन जपानी कराटेपटू लुम्पिनीत उतरले. दोघे जिंकले, त्यांतील ज्येष्ठ केंजी कुरोसाकी मात्र पराभूत झाले. परंपरागत कराटेतील वर्तुळाकार लाथेत गुडघा आधी दुमडून पोटरी झटक्याने सोडली जाते. कुरोसाकींनी पराभवातून बोध घेऊन थाई पद्धतीचा अभ्यास आरंभिला. त्यांचेच शिष्य तोशिओ फुजिवारा यांनी 1978 मध्ये राजदम्नेर्नचे अजिंक्यपद मिळविले. तो मान मिळविणारे ते पहिले बिगरथाई योद्धे होत.

या घटनाक्रमाचा अर्थ स्पष्ट आहे. शरीरतंत्र हा ताम्रपटासारखा अक्षय ठेवा नव्हे. नियम, आखाडा व गुरुशिष्यसंबंध यांच्या आश्रयाने ते जगते, आणि हा आश्रय मिळाल्यास परभूमीतही रुजते. कटिभ्रमणाला प्राचीनतेचा टिळा लावल्याने त्याचे मोल वाढत नाही. उलट ज्या अर्वाचीन संस्थांनी ते जोपासले, त्यांचे ऋण मात्र दृष्टीआड होते.