शंभर डॉलरचा दंड आणि नोकबे सरोवराचा काठ

आजच्या धाग्याचा विषय एक खटला आहे. १९७२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला. कायद्याच्या इतिहासात तो ‘जस्ट विरुद्ध मॅरिनेट काउंटी’ या नावाने ओळखला जातो. दंडाची रक्कम होती अवघी शंभर डॉलर. न्यायालयापुढील प्रश्न मात्र फार मोठा होता. जमीन माझी, कागदपत्रे माझ्या नावावर, कर मी भरतो. मग तिच्यातील दलदल बुजवायला मला परवानगी कशासाठी लागावी? खाडीकाठी किंवा तळ्याकाठी वाढलेल्या कोणालाही हा प्रश्न परका वाटणार नाही.

विस्कॉन्सिन ही हिमनद्यांनी कोरलेली भूमी आहे. हजारो सरोवरे आणि त्यांच्या काठाने पसरलेल्या दलदली हे तिचे मूळ रूप. राज्याच्या ईशान्य टोकाला, मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या फाट्यालगत मॅरिनेट काउंटी आहे. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण स्वतःचे निवडून आलेले मंडळ आणि नियम करण्याचा अधिकार असलेला.) हा मुलूख मेनोमिनी लोकांचा. त्यांच्या नावाचा अर्थच ‘जंगली भाताचे लोक’ असा आहे. उथळ पाण्यात आपोआप उगवणारा तो भात होडीतून झोडपून गोळा करीत. म्हणजे पुढे ज्या पाणथळींना निरुपयोगी ठरवण्यात आले, त्या मुळात एका समाजाचे धान्यकोठार होत्या.

निरुपयोगी कोणी ठरवले? कायद्याने. १८५० साली अमेरिकी संसदेने दलदलींविषयी एक कायदा केला. त्यान्वये केंद्राच्या ताब्यातील दलदली विस्कॉन्सिनसह अनेक राज्यांना देण्यात आल्या, त्या अशा हेतूने की राज्यांनी चर खणून पाणी काढावे आणि जमीन लागवडीखाली आणावी. दलदल म्हणजे अपूर्ण राहिलेली जमीन, तिला पूर्ण करणे हे पुण्यकर्म, अशी ही दृष्टी होती. राज्याची स्थापना झाली तेव्हा, १८४८ साली, तेथे सुमारे एक कोटी एकर पाणथळ होती. आज तिच्यातील निम्म्याच्या आसपास उरली आहे.

मात्र त्याच राज्याच्या संविधानात एक वेगळे कलमही होते. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अधिनियमातून ते आले होते. नौकानयनयोग्य जलमार्ग हे सर्वांचे सामाईक मार्ग असून ते कायम खुले राहतील, असा त्याचा आशय. मुळात ही तरतूद होड्यांसाठी होती. विस्कॉन्सिनच्या न्यायालयांनी तिचा अर्थ हळूहळू विस्तारत नेला. पाणी जनतेचे आणि राज्य त्याचे केवळ विश्वस्त, हे तत्त्व आधी वाहतुकीला, मग मासेमारीला, पोहण्याला आणि १९५२ सालच्या नेमेकागॉन नदीवरील धरणाच्या खटल्यात तर निसर्गसौंदर्याच्या आस्वादालाही लागू झाले. माझ्या मते या गोष्टीतील सर्वांत नवलाची बाब हीच. दलदल आटवा असे सांगणारा कायदा आणि पाणी सर्वांचे असे सांगणारे संविधान शंभर वर्षे शेजारी शेजारी नांदले, कारण पाणी कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते हे कोणी नेमके विचारलेच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ते विचारणे भाग पडले. मोटारी आल्या, रस्ते झाले, शिकागो आणि मिलवॉकीच्या मध्यमवर्गाला सरोवराकाठी उन्हाळी घर हवेसे वाटू लागले. काठाचे लांबट तुकडे पाडून विकले जाऊ लागले. घराघराचे शौचकूप पाण्याच्या अंगाला, आणि अंगणासाठी लव्हाळ्यांवर वाळूचा भराव. सरोवरे गढूळ होऊ लागली.

राज्याने काढलेला उपाय म्हणजे स्थानिक झोनिंग. १९६६ साली अमलात आलेल्या जलसंपत्ती कायद्याने प्रत्येक काउंटीला आपल्या ग्रामीण भागातील काठांसाठी उपविधी करण्यास सांगितले. सरोवरापासून १,००० फूट आणि नौकानयनयोग्य नदीपासून ३०० फूट किंवा तिच्या पूरमैदानाच्या कडेपर्यंत, यांपैकी जे अंतर अधिक असेल तेवढा पट्टा या नियमांखाली आला. नियम काउंटीने करायचे, पण किमान दर्जा राज्य ठरवणार. आणि १ जानेवारी १९६८ पर्यंत काउंटीने काही केले नाही, तर राज्य स्वतः नियम लादणार. स्थानिक स्वायत्ततेच्या मागे अशी काठी उगारलेली होती, हे विसरू नये.

मॅरिनेट काउंटीने सप्टेंबर १९६७ मध्ये उपविधी संमत केला आणि ९ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. काठाचे तीन विभाग पाडण्यात आले : सर्वसाधारण, मनोरंजनाचा आणि संरक्षित. संरक्षित विभाग कसा ठरवला? अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशांवर जेथे दलदलीची खूण होती, तो सारा काठ संरक्षित. त्या नकाशांना दलदलीशी एरवी देणेघेणे नव्हते. ते भूप्रदेशाची नोंद करण्यासाठी काढलेले होते. आता त्यांच्यावरील एका खुणेला कायद्याचे बळ आले. या विभागात रानमेवा, गवत, जंगली भात गोळा करणे, शिकार, मासेमारी, वनीकरण यांना मुभा होती. भराव, निचरा आणि गाळ उपसणे यांसाठी मात्र परवाना आवश्यक ठरला.

आता जस्ट दांपत्याकडे येऊ. त्यांनी एप्रिल १९६१ मध्ये, म्हणजे उपविधीच्या सहा वर्षे आधी, नोकबे सरोवराकाठी ३६.४ एकर जमीन घेतली होती. काही भाग स्वतःसाठी, काही पुनर्विक्रीसाठी. १९६४ ते १९६७ दरम्यान त्यांनी पाच तुकडे विकले. उरलेल्या तुकड्यावर फेब्रुवारी-मार्च १९६८ मध्ये त्यांनी परवाना न घेता वाळू आणून टाकली. काउंटीने दंड मागितला. त्यांनी उपविधीच घटनाबाह्य ठरवावा अशी मागणी केली. त्यांचा युक्तिवाद साधा आणि वजनदार होता : जमिनीचा उपयोग उरू द्यायचा नसेल, तर सरकारने ती भरपाई देऊन संपादित करावी. फुकटात नियम लावून हिरावू नये.

या खटल्यात एक वनस्पतिशास्त्राचा ग्रंथही उपयोगी पडला. ती जागा दलदल आहे की नाही हे ठरवताना विस्कॉन्सिन विद्यापीठातील नॉर्मन फॅसेट यांच्या जलवनस्पतींच्या मार्गदर्शक ग्रंथाचा आधार घेतला गेला. जमिनीची जात सातबाऱ्यासारख्या नोंदीवरून नव्हे, तर तिच्यात काय उगवते यावरून ठरली.

सरन्यायाधीश हॅलोज यांनी लिहिलेला निकाल जस्ट दांपत्याच्या विरोधात गेला. त्याचा गाभा आपल्या शब्दांत असा : जमिनीचे मूळ नैसर्गिक स्वरूप बदलून, तिला ज्यासाठी ती स्वभावतः योग्य नाही अशा कामी लावून इतरांच्या हक्कांना बाध आणण्याचा अमर्याद अधिकार मालकाला नसतो. दलदलीची किंमत भराव टाकल्यावर किती होईल, यावरून नुकसान मोजायचे नाही. ती जशी आहे तशा अवस्थेतील किंमत हीच तिची किंमत. नियम जनतेला नवा लाभ मिळवून देत नाही, तो केवळ हानी टाळतो, म्हणून भरपाईचा प्रश्नच नाही. पाणथळ पाणी गाळून स्वच्छ करते, हे पूर्वी लोकांना उमगले नव्हते, याचीही नोंद निकालात आहे. जी जमीन १८५० च्या कायद्याने अपूर्ण मानली, ती १९७२ मध्ये आहे तशीच पूर्ण मानली गेली.

हा निकाल मला योग्य वाटतो, तरी त्याची बोच लपवण्यात अर्थ नाही. नियम बदलला तो खरेदीनंतर. ज्यांनी आधीच भराव टाकून घरे बांधली होती त्यांचा नफा त्यांच्याच खिशात राहिला. भार पडला तो मागाहून आलेल्यांवर. काठाच्या भूखंडांची ही बाजारपेठ किती निर्दय होती हे मेनोमिनींनाही कळले. केंद्र सरकारने त्यांचा आदिवासी दर्जा १९६१ मध्ये संपुष्टात आणला. त्यानंतर कराचा बोजा पेलण्यासाठी त्यांच्या जमिनीवर तळी जोडून ‘लेजंड लेक’ नावाचे सरोवर तयार करण्यात आले आणि त्याच्या काठाचे भूखंड बाहेरच्यांना विकले जाऊ लागले. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीतूनच डिसेंबर १९७३ मध्ये त्यांचा दर्जा परत मिळाला.

जस्ट निकालाचे अनुकरण न्यू हॅम्पशायर, फ्लोरिडा अशा राज्यांतील न्यायालयांनी केले. आपल्याकडे या विशिष्ट खटल्याचा नव्हे, पण त्याच्या मुळाशी असलेल्या विश्वस्त तत्त्वाचा प्रवास स्पष्ट दिसतो. डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या हॉटेलाच्या प्रकरणात (एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ) भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी खटल्यांचा आधार घेत ते भारतीय कायद्याचा भाग ठरवले. आणि ६ ऑक्टोबर २००५ रोजी, २६ जुलैच्या प्रलयानंतर अडीच महिन्यांनी, मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या भोवती ५० मीटरपर्यंतचे बांधकाम थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला तो जमीन कोणाच्या मालकीची आहे याचा विचार न करता. नोकबेच्या काठावरचा प्रश्न गोराई आणि ठाण्याच्या खाजणात आला होता, आणि उत्तरही त्याच दिशेचे होते.

अमेरिकेत मात्र वारे फिरले. १९९२ मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील लुकास खटल्यात केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नियमामुळे जमिनीचा सगळाच आर्थिक उपयोग नष्ट होत असेल, तर सर्वसाधारणपणे भरपाई द्यावी लागेल. अपवाद फक्त मालमत्तेच्या जुन्या मूलभूत तत्त्वांचा. हानी टाळणे आणि लाभ मिळवून देणे यांतील सीमारेषा बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते, असेही बहुमताने सुनावले. हॅलोज यांच्या निकालाचा एक खांब याच भेदावर उभा होता.

खुद्द विस्कॉन्सिनमध्ये २०१५ च्या अर्थसंकल्पी कायद्यात एक तरतूद आली. काठाच्या झोनिंगबाबत राज्याच्या मापदंडांपेक्षा कडक नियम करण्यास काउंटींना मनाई झाली. १९६६ मध्ये राज्याने आखलेली रेषा काउंटीने निदान गाठावी अशी तळाची होती. आता तीच रेषा छताची झाली. अनेक काउंट्यांनी मधल्या दशकांत आपापल्या सरोवरांसाठी केलेले अधिक कडक नियम त्यामुळे बाद ठरले.