भारतनगर, रात्री एक

14 मे 2021, सकाळ. 65 दिवस बाकी.

लक्षद्वीपच्या बाजूला अरबी समुद्रात कमी दाबाच्या क्षेत्राचं डिप्रेशन झालं. हवामान खात्याची भाषा रुक्ष असली तरी तिच्यात एक मोठी सोय आहे. डिप्रेशन, डीप डिप्रेशन, चक्रीवादळ, तीव्र, अतितीव्र अशा पायऱ्या ठरलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीवर कुणी काय करायचं हेही ठरलेलं असतं. बंदरावर कोणता बावटा चढवायचा, मच्छीमारांना कधी परत बोलवायचं, एनडीआरएफच्या तुकड्या कधी निघायच्या, हे कुणाला नव्यानं सुचावं लागत नाही. पुढच्या चोवीस तासांत या वादळाला नावही मिळालं, तौक्ते.

चेंबूरच्या वाशीनाक्याला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भिंतीखाली वसलेल्या भारतनगरची गोष्ट या वादळापासून सुरू करायला हवी. तौक्तेनं भारतनगरचं काही बिघडवलं म्हणून नाही. एक धोका दिसला की हे शहर किती चपळ होतं आणि दुसरा त्याच्या डोळ्यांसमोर असून कसा दिसत नाही, हे या 65 दिवसांत शेजारी शेजारी पाहायला मिळतं म्हणून.

15 मे, रात्र. 63 दिवस बाकी.

करोनाची दुसरी लाट अजून ओसरलेली नव्हती. बीकेसी, दहिसर आणि मुलुंडची जम्बो कोविड केंद्रं म्हणजे मोकळ्या मैदानातले मांडव. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात ती टिकतील याची खात्री नव्हती. म्हणून 580 रुग्ण एका रात्रीत पालिकेच्या पक्क्या रुग्णालयांत हलवले गेले, त्यांतले काही ऑक्सिजनवर असलेले. प्रत्येकाबरोबर रुग्णवाहिका, सिलिंडर, कागदपत्रं आणि पलीकडे रिकामा बेड लागतो. वर्षभर ज्या पालिकेला आपण बोल लावले, तिनं हे केलं. लसीकरण बंद ठेवलं गेलं. किनाऱ्यालगतच्या वस्त्यांसाठी पालिकेच्या शाळा उघडून ठेवल्या गेल्या.

याची रंगीत तालीम वर्षभरापूर्वी झाली होती. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ मुंबईवर येणार म्हणून महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये मिळून लाखभर माणसं हलवली होती. वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि मुंबई थोडक्यात वाचली.

17 मे, दुपार. 61 दिवस बाकी.

तौक्ते मुंबईच्या पश्चिमेकडून वर सरकलं. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटरपर्यंत गेला. विमानतळ बंद, वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद, चेंबूरहून सुटणारी मोनोरेलही बंद. घाटकोपर-विक्रोळीच्या दरम्यान झाड पडून लोकल अडकल्या. रात्री वादळ दीवच्या जवळ गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. तिथं दोन लाखांवर माणसं आधीच हलवलेली होती.

सूचना मिळाली म्हणजे सगळं साधलं असं नसतं, हेही त्याच दिवशी दिसलं. मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात पी-305 नावाचा बार्ज 261 माणसांसह नांगरलेला होता. इशारे काही दिवस आधीपासून येत होते. बाकीची बरीच जहाजं किनाऱ्याकडे वळली, हा बार्ज थांबला. नांगर तुटले, बार्ज भरकटला, प्लॅटफॉर्मवर आदळला आणि 17 तारखेच्या संध्याकाळी बुडाला. नौदलानं खवळलेल्या समुद्रातून रात्रभर माणसं उचलली. तरी बार्ज आणि वरप्रदा ही टगबोट मिळून 80हून अधिक जण गेले. इशारा ऐकून हलणं कुणाच्या हातात आहे, मजुराच्या की मुकादमाच्या, हा प्रश्न तिथंही होता.

18 मे, सकाळी 8.30. 61 दिवसांना साडेसात तास कमी.

सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांचा पाऊस 230.3 मिलिमीटर. मे महिन्यासाठी हा विक्रम होता. मुंबईच्या टेकड्या मात्र या पावसात जागच्या हलल्या नाहीत.

याचं कारण साधं आहे. भारतनगर जिच्या उतारावर आहे ती ट्रॉम्बेची टेकडी बेसॉल्टची आहे, खाली काळा कातळ आणि वर झिजून तयार झालेला मुरूम आणि माती. मे महिन्यात हा थर कोरडा ठणठणीत असतो. एका दिवसाचं पाणी त्यात मुरतं आणि जिरून जातं. जूननंतर हे बदलतं. मुरलेलं पाणी कातळापाशी अडतं, मातीचे कण एकमेकांना धरून असतात ती पकड सैल होते आणि वजन मात्र वाढत जातं. त्या उतारावर आडवी भिंत असेल तर पाणी तिच्यामागे साठतं. म्हणूनच अशा भिंतीत पाणी वाहून जायला भोकं ठेवायची असतात आणि ती बुजू द्यायची नसतात. मीटरभर उंच पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला अर्ध्या टनाचा रेटा देतं. पाण्याची उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. दगड-विटांच्या भिंतीला उभा भार पेलता येतो, आडवा रेटा तिला सोसत नाही. आणि ती कोसळण्याआधी खालच्या माणसाला दिसेल असं काही घडेलच याचा भरवसा नसतो.

जूनचा पहिला आठवडा. साधारण 40 दिवस बाकी.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरउतारावरच्या झोपड्यांना पालिकेच्या नोटिसा जातात. धोकादायक जागा आहे, सुरक्षित ठिकाणी जा. कुठं जा, ते नोटिशीत नसतं. चार महिने दुसरीकडे राहायचं तर भाडं हवं, डिपॉझिट हवं, मुलांची शाळा जवळ हवी आणि परत आल्यावर आपली खोली आपलीच राहील याची हमी हवी. 2021 च्या जूनमध्ये तर सामान्य माणसाला लोकलचा प्रवासही बंद होता, रोजंदारी बुडालेली होती. वादळाच्या वेळी दोन रात्री शाळेत काढता येतात. पावसाळा चार महिन्यांचा असतो आणि चार महिन्यांसाठी शाळा कुणी उघडून देत नाही.

इथं चेंबूरचा एक विचित्र हिशेब सांगायलाच हवा. भारतनगरपासून फार दूर नाही असं माहुल. तिथं प्रकल्पग्रस्तांसाठी 72 इमारती बांधलेल्या, 17 हजारांवर सदनिका, त्यांतल्या कितीतरी रिकाम्या. रिकाम्या, कारण शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्येच माहुलची हवा रहिवाशांच्या तब्येतीला घातक असल्याचं म्हटलं होतं. तिथं पाठवलेल्यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि उच्च न्यायालयानंही लोकांना बळजबरीनं तिथं धाडायला अटकाव केला. म्हणजे चेंबूरच्या गरीब माणसापुढे दोनच पत्ते, एक दरडीखाली आणि एक धुराड्याखाली. यातून निवड करा म्हणणाऱ्या नोटिशीला काय अर्थ आहे?

आणि हे कागदावर नव्हतं असंही नाही. मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळानं 2010 मध्ये पाहणी करून दरडीच्या छायेत असलेल्या 327 जागा आणि 22,483 झोपड्या मोजल्या होत्या. त्यांतल्या 9,657 तातडीनं हलवाव्यात आणि उरलेल्यांभोवती संरक्षक भिंती बांधाव्यात अशी शिफारस होती. माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली हे आकडे वर्षानुवर्षं सांगत आले. 1992 पासून 2021 पर्यंत अशा दरडींनी 290 माणसं मेली, हाही त्यांतलाच आकडा. घाटकोपरच्या आझाद नगरात 2000 च्या जुलैत दरड आली. मालाडच्या पिंपरीपाड्यात 2019 च्या जुलैत जलाशयाची भिंत मध्यरात्री कोसळून 31 जण गेले. जुलै, रात्र, उतार आणि भिंत यांची गाठ दोन वर्षांपूर्वीच पडली होती.

टेकडीला घड्याळ लावता येत नाही असं कुणी म्हणेल, तर हाँगकाँगकडे पाहावं. तिथं 18 जून 1972 ला एकाच दिवशी दोन ठिकाणी दरडी कोसळून 138 माणसं गेली. त्यानंतर सरकारनं उतारांसाठी वेगळं कार्यालय काढलं. 1977 पासून तिथं पावसाच्या मोजमापावरून दरडीचा इशारा दिला जातो, वादळाचा द्यावा तसा. आपल्याकडेही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं 2020 पासून दार्जिलिंग आणि निलगिरीसाठी असे अंदाज प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. चेंबूरसाठी नव्हते.

16 जुलै, शुक्रवार. दोन दिवसांहून कमी.

मोसमी पाऊस 9 जूनला मुंबईत येऊन महिना उलटला होता. शुक्रवारी पहाटेपासून मुसळधार. सखल भाग तुंबले, गाड्या रखडल्या. मुंबईकरांनी नेहमीप्रमाणे घोट्याएवढ्या पाण्याचे फोटो एकमेकांना पाठवले. ट्रॉम्बेच्या टेकडीनं हे पाणीही पोटात घेतलं.

17 जुलै, रात्री 8. पाच तास बाकी.

शनिवारची रात्र. पाऊस वाढायला लागला. समुद्रात वादळ नव्हतं, नाव नव्हतं, बावटा नव्हता. रात्री आठ ते दोन या सहा तासांत पूर्व उपनगरांत सरासरी 143 मिलिमीटर पाऊस पडला. तौक्तेचा पाऊस दिवसभर पसरलेला होता. हा सगळा एका झोपेच्या वेळात कोसळला.

मध्यरात्र. एक तास बाकी.

शहरावर गडगडाटी ढग सुमारे 18 किलोमीटर उंच चढलेले होते. असा ढग काही तासांत वाढतो आणि नेमका कोणत्या वॉर्डावर रिता होईल हे आदल्या दिवशी छातीठोकपणे सांगता येत नाही. रडारवर तो दिसतो तेव्हा पाऊस पडायला लागलेला असतो. त्यामुळे हवामान खात्यावर सगळं ढकलणं मला पटत नाही. ढग कुठं फुटेल हे अर्धा तास आधी कळत नसेल, पण फुटला तर खाली कोण आहे हे अकरा वर्षं आधीपासून कळलेलं होतं.

18 जुलै, रात्री 1 च्या सुमारास.

भारतनगरच्या वरचा उतार सुटला. माती घसरली आणि तिच्याबरोबर भिंत खालच्या घरांवर आली. माणसं झोपेत होती.

रात्री 1 नंतर.

अग्निशमन दलाला खबर गेली. बोळ अरुंद, वस्ती चढावर, वरून पाऊस थांबलेला नाही. यंत्रं आत शिरत नव्हती. शेजाऱ्यांनी हातांनी, मिळेल त्या अवजारानं ढिगारा उपसायला सुरुवात केली, नंतर जवान आले आणि त्यांनाही बराचसा तोच मार्ग धरावा लागला. घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयाकडे जखमी निघाले. मे महिन्यात एका रात्रीत 580 रुग्ण हलवणाऱ्या शहराला इथं स्ट्रेचर न्यायला रस्ता नव्हता.

साधारण अडीच वाजता विक्रोळीच्या सूर्यनगरमध्ये दुसरी दरड आली. भांडुपमध्ये भिंत पडून एक मुलगा गेला. भांडुपच्याच जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरलं, वीज तोडावी लागली, आणि जलमय मुंबईच्या मोठ्या भागाचे नळ रविवारी कोरडे राहिले.

सकाळी 8.30.

सांताक्रूझचा चोवीस तासांचा आकडा 234.9 मिलिमीटर. तौक्तेपेक्षा पाचही मिलिमीटर जास्त नाही. रेड अलर्ट आला तेव्हा भारतनगरात मृतदेह मोजणं चालू होतं. शेवटचा आकडा 19 झाला. विक्रोळीत 10.

रविवार, दुपार.

पंतप्रधान मदतनिधीतून मृतांच्या वारसांना 2 लाख, राज्याकडून 5 लाख. मंत्री येऊन गेले. पुनर्वसनाबद्दल बोलणं झालं. वाचलेल्यांपुढे पुन्हा तेच दोन पर्याय होते, एक माहुलचा आणि दुसरा त्याच उतारावरचा. भारतनगरच्या वर आणि बाजूला अजून घरं होती, आणि पावसाळ्याचे अडीच महिने शिल्लक होते.

22 जुलै, गुरुवार.

त्याच पावसाळ्यात, चार दिवसांनी, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दुपारी डोंगर आला. 80हून अधिक माणसं गेली. महाडकडचे रस्ते पुराखाली होते, त्यामुळे बचावपथकं दुसऱ्या दिवशी पोहोचली.