आजारपण आणि आपले गवई

आजारपण हा आपल्याकडे इतिहासाचा विषय मानला जात नाही. लढाया, सनदा, राज्यारोहणे यांच्या तारखा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण माणसे वर्षानुवर्षे दुखणे अंगावर घेऊन कशी जगली, घर कसे चालवले, मन कसे सावरले, याची नोंद पाठ्यपुस्तकात नसते. चरित्रातसुद्धा आजार येतो तो शेवटच्या पानावर, मृत्यूचे कारण म्हणून. मधली दहा-पंधरा वर्षे कोठे गेली, हे कोणी विचारत नाही.

आज मात्र हा प्रश्न घराघरातला आहे. साखर, रक्तदाब, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, यातले काही ना काही प्रत्येक मोहल्ल्यात आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. हे आजार माणसाला एकदम मारत नाहीत आणि पूर्ण बरेही होत नाहीत. त्यांच्यासोबत राहावे लागते. ते कसे राहावे, हे शिकण्यासाठी मी आपल्याच परिसरातल्या तीन गवयांच्या आयुष्याकडे वळते. गवईच का? कारण गवयाचे शरीर हेच त्याचे हत्यार. सुताराची पटाशी मोडली तर दुसरी मिळते. गळा मोडला तर दुसरा मिळत नाही.

उस्ताद अल्लादिया खाँ

कोल्हापूरच्या माणसाला खाँसाहेबांची ओळख करून द्यायला नको. १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातल्या उनियारा येथे त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ अलीगढजवळच्या अतरौलीचे. १८९५ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात ते आले आणि पुढे पाव शतकाहून अधिक काळ कोल्हापूर हेच त्यांचे घर झाले. अंबाबाईच्या देवळात गाणारा हा मुसलमान उस्ताद करवीरकरांना कधी परका वाटला नाही.

कोल्हापूरला येण्याआधीची एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. माळव्यातल्या आमलेटा या छोट्या संस्थानात तिथल्या अधिपतीच्या हौसेखातर खाँसाहेब दिवसचे दिवस, तासन् तास गायले. गळ्यावर एवढा ताण पडला की आवाजच बसला. तो दोन-चार दिवसांत सुटला नाही. सुमारे दोन वर्षे तो नीट आला नाही असे सांगतात. आणि आला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. गोडवा, सहज फिरणारा हलकेपणा कमी झाला होता.

ऐन उमेदीतल्या गवयाला हे काय वाटले असेल याची कल्पना करा. त्या काळी कंठविकाराचा तज्ज्ञ डॉक्टर नव्हता, विमा नव्हता, रजेचा पगार नव्हता. दरबारात गाणे झाले तर बिदागी, नाही तर काही नाही. खाँसाहेबांपुढे दोन वाटा होत्या. जुन्या आवाजाची वाट पाहत बसायचे, किंवा हाती उरलेल्या आवाजाला काय जमते ते शोधायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. आकारावर उभी, लयीच्या अंगाने वळत जाणारी, गुंतागुंतीच्या तानांची आणि अनवट रागांची जी गायकी पुढे जयपूर-अतरौली म्हणून प्रसिद्ध झाली, तिच्या घडणीत या बदललेल्या आवाजाचा वाटा आहे असे अनेक जाणकार मानतात.

इथे जरा जपून बोलले पाहिजे. बिघडलेल्या आवाजातूनच सारी गायकी जन्मली म्हणणे अतिशयोक्ती होईल. मागे पिढ्यान् पिढ्यांची धृपदाची तालीम होती, काका जहांगीर खाँ यांनी करवून घेतलेली मेहनत होती, जयपूरच्या मुबारक अली खाँ यांच्या पेचदार फिरतीचा संस्कार होता. दुखण्याने कोणाला प्रतिभा मिळत नाही. जे आधी कमावलेले असते, त्याची नवी मांडणी करायला दुखणे भाग पाडते, एवढेच. पण ही मांडणी करायला तयार होणे ही मोठी गोष्ट आहे.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि स्वतःचे चिरंजीव मंजी खाँ व भूर्जी खाँ, एवढा मोठा शिष्यपरिवार या ‘बदललेल्या’ गळ्याने घडवला. शाहू महाराज १९२२ साली गेल्यावर खाँसाहेब मुंबईला राहिले. १६ मार्च १९४६ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले. ज्या माणसाचे गाणे संपले असे वाटत होते, तो पुढे कित्येक दशके गायला आणि शिकवत राहिला.

कुमार गंधर्व

दुसरे नाव बेळगावजवळच्या सुळेभावीचे. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व, जन्म ८ एप्रिल १९२४. लहानपणीच चमत्कार म्हणून गाजलेला हा मुलगा मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकला. १९४७ साली भानुमतीबाईंशी लग्न झाले आणि त्याच सुमारास फुफ्फुसांचा क्षय असल्याचे कळले. कोरडी हवा मानवेल म्हणून ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, हे जोडपे माळव्यात देवासला पोहोचले.

त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले, पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. तिथे माणसे महिनोन् महिने खाटेवर पडून असत. हवा, दूध, विश्रांती आणि वाट पाहणे, हाच उपचार. रोगाचे नाव घरात मोठ्याने घेत नसत. ताटवाटी वेगळी, खोली वेगळी, आणि हळूहळू माणूसही वेगळा.

कुमारजींना डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. साधारण पाच वर्षे त्यांचा गळा मुका राहिला. पण कान मुके नव्हते. खाटेवर पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायकांची लोकगीते ऐकत होते, दारावरून जाणाऱ्या जोगी-फकिरांची निर्गुणी भजने ऐकत होते. त्याच सुमारास स्ट्रेप्टोमायसीन हे औषध भारतात मिळू लागले होते. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला होता. त्या औषधाने प्राण वाचले, पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले.

१९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. लांबलचक दमसास आता शक्य नव्हता. त्यांनी श्वासाला परवडतील एवढ्या लहान, धारदार स्वरवाक्यांत गाणे बांधले. दोन वाक्यांमधल्या शांततेलाही गाण्यात जागा दिली. आजारपणात ऐकलेल्या लोकधुनांतून नवे राग घडवले, कबीराची निर्गुणी भजने साऱ्या देशाच्या कानी पोहोचवली. त्यानंतर १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला निधन होईपर्यंत हा माणूस जवळजवळ चाळीस वर्षे गायला.

या कथेत एक नाव मागे राहते. भानुमतीबाई स्वतः गायिका होत्या. नवरा अंथरुणावर असताना त्यांनी देवासला शाळेत नोकरी करून घर चालवले, शुश्रूषा केली, औषधपाणी सांभाळले. १९६१ साली दुसऱ्या बाळंतपणात त्या गेल्या. त्यांच्या स्वतःच्या गाण्याचे काय झाले, हा प्रश्न कोणत्याही मैफलीत विचारला गेला नाही. मी स्वतः शाळेत शिकवते. दिवसभर वर्ग घेऊन घरी रुग्णाची सेवा म्हणजे काय, हे मला शब्दांत सांगण्याची गरज वाटत नाही.

बालगंधर्व आणि गोहरबाई

तिसरी कथा शुश्रूषेचीच आहे. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व. त्यांच्या तरुणपणी कानाचे दुखणे होते, तेव्हा शाहू महाराजांनीच त्यांना उपचारासाठी मिरजेला पाठवले असे चरित्रकार सांगतात. तिथेच किर्लोस्कर मंडळीत त्यांचा प्रवेश झाला. पुढचे वैभव आपण सारे जाणतो. उतारवय मात्र कर्जाचे आणि दुखण्याचे होते. १९५० च्या दशकात त्यांचे पाय अधू झाले. ज्याच्या नुसत्या चालण्यावर नाट्यगृह जीव टाकत होते, त्याला उचलून बसवावे लागे.

त्या दिवसांत त्यांच्याजवळ होत्या गोहरबाई कर्नाटकी, विजापूरकडच्या बिळगीच्या, अमीरबाई कर्नाटकींच्या भगिनी. मराठी समाजाने या बाईला फार बोल लावले. गंधर्वांच्या ऱ्हासाचे खापर तिच्या डोक्यावर फोडले. तिच्या धर्माचाही उद्धार झाला. या वादात कोणाचे किती खरे हे मला ठरवायचे नाही. पण एवढे तर मान्य करावे लागेल, की नावे ठेवणारे आपापल्या घरी होते आणि अपंग माणसाचे रोजचे सगळे करणारी ती होती. १९६४ साली गोहरबाई गेल्या. बालगंधर्व १५ जुलै १९६७ रोजी गेले.

अयादत आणि तीमारदारी

उर्दूत या संदर्भात दोन सुंदर शब्द आहेत. आजाऱ्याला भेटायला जाणे म्हणजे अयादत. त्याची सेवा करणे म्हणजे तीमारदारी. अयादत आपल्याकडे पुण्याचे काम मानले जाते आणि आपण ते मनापासून करतो. कोणी दवाखान्यात असल्याचे कळले की फळांच्या पिशव्या घेऊन सारा मोहल्ला लोटतो. पण हा रिवाज थोड्या दिवसांच्या आजारासाठी बनलेला आहे. दुखणे तिसऱ्या वर्षात शिरते तेव्हा फळे घेऊन कोणी येत नाही. येतात ते सल्ले. अमक्या गावच्या हकिमाकडे जा, गोळ्या सोडा, सुया टोचून घेऊ नका. आजारी माणूस तेव्हा सर्वांत एकटा असतो, आणि त्याच्यापेक्षा एकटी असते त्याची तीमारदारी करणारी बाई.

दुसरी गोष्ट लपवण्याची. मुलीला साखर आहे हे स्थळे येईनाशी होतील म्हणून सांगायचे नाही, टीबीचे औषध शेजाऱ्यांना दिसू द्यायचे नाही. हे भय खोटे नाही, समाजानेच ते पेरले आहे. पण त्या भयाची किंमत चुकवलेल्या गोळीत मोजावी लागते. १९५६ साली मद्रासमध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. १९३ क्षयरोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरात ठेवून तीच औषधे दिली गेली. वर्षभरानंतर दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखे आले, आणि घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही वाढलेला दिसला नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा बदलली. औषध नियमित असेल तर घर पुरेसे आहे, माणूस वेगळा काढण्याची गरज नाही, हे आपल्याच देशातल्या गरिबांच्या घरांनी सिद्ध केले.

तिसरी गोष्ट सब्राची. हजरत अय्यूब यांच्या सब्राचा दाखला आपण आजाऱ्याला नेहमी देतो. पण सब्र म्हणजे हात जोडून बसणे असा अर्थ घेतला तर तो अर्धा राहतो. रमजानात हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची, आणि ज्याला पुढेही जमणार नाही त्याला फिदिया देण्याची सवलत शरीयतने दिलेली आहे. तरीही इन्सुलिन घेणारी आपली वडीलधारी माणसे लोक काय म्हणतील या विचाराने रोजा धरतात. रमजान सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवून घेणे, आणि त्यांनी नको म्हटले तर मिळालेली सवलत लाज न बाळगता स्वीकारणे, हाही सब्रच आहे. दवा आणि दुआ यांचे भांडण आपण उगाच लावून दिले आहे.

शाळेतही हेच लागू आहे. वर्गात मधुमेहाचे मूल असेल तर त्याला मधल्या सुट्टीआधी खायची परवानगी हवी, घाम येऊन हात थरथरू लागले तर साखर द्यायची हे शिक्षकाला माहीत हवे, दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात हाताशी हवा. यासाठी वेगळा निधी लागत नाही. आईवडिलांनी न लपवता सांगावे आणि शिक्षकाने ऐकून लक्षात ठेवावे, एवढे पुरे आहे.

खाँसाहेब आणि कुमारजी असामान्य होते; त्यांच्यासारखे सगळ्यांना जमेल असे म्हणणे आजाऱ्यावर अन्याय ठरेल. पण त्यांच्याकडून एक साधी गोष्ट कोणालाही घेता येते. ‘पूर्वीसारखे झाल्यावर करू’ हे वाक्य त्यांनी सोडून दिले. आज अंगात जेवढा श्वास आहे, तेवढ्यात काय बसते ते पाहिले. गुडघे गेलेल्या आजीने नातवाला बसल्या जागी कायदा शिकवला, डायलिसिसच्या दिवशी दुकान बंद ठेवून बाकीचे दिवस उघडले, तरी ते त्याच वाटेवरचे पाऊल आहे. आणि अशा माणसाच्या मागे जी भानुमती, जी गोहर उभी असते, तिची अयादतही कोणीतरी करायला हवी. पुढच्या वेळी आजाऱ्याच्या घरी जाल तेव्हा फळांच्या पिशवीसोबत तिच्यासाठी दोन तासांची सुट्टी घेऊन जा. तेवढा वेळ आजाऱ्याजवळ तुम्ही बसा.