स्लीप ॲप्निया किती गंभीर आहे, हे कसं ठरतं? स्मार्टवॉचवर किती विश्वास ठेवायचा?

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं, तेव्हा 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. आता हेच नाव स्मार्टवॉचच्या नोटिफिकेशनमध्येही दिसतंय. ते आलं तर घाबरायचं की दुर्लक्ष करायचं? चला, समजून घेऊया.

स्लीप ॲप्निया म्हणजे काय?

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांमध्ये त्यामुळे श्वासाचा मार्ग अरुंद होतो किंवा बंदच होतो. छाती श्वास घ्यायला धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि घुसमटल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही.

गंभीरता कशी मोजतात?

मुख्य आकडा आहे एएचआय. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला, असं तासाला सरासरी किती वेळा घडलं, ते हा आकडा सांगतो.

- ५ पेक्षा कमी: नॉर्मल
- ५ ते १४: सौम्य
- १५ ते २९: मध्यम
- ३० किंवा जास्त: गंभीर

उदाहरणार्थ, ७ तासांच्या झोपेत १२६ वेळा असं झालं, तर एएचआय १८, म्हणजे मध्यम.

पण फक्त हा आकडा पुरेसा नाही. दोघांचा एएचआय २० असला, तरी एकाचा ऑक्सिजन ९२ टक्क्यांपर्यंतच उतरत असेल आणि दुसऱ्याचा ७८ पर्यंत. म्हणून ऑक्सिजन किती खाली गेला आणि ९० टक्क्यांखाली किती वेळ राहिला, हेही डॉक्टर पाहतात. दिवसा किती झोप येते, यासाठी एपवर्थ स्केलचे ८ प्रश्न असतात. २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण आले, तर झोप जरुरीपेक्षा जास्त येतेय असं मानतात.

धोके कोणते?

गोळ्या घेऊनही आटोक्यात न येणारा रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात आणि टाइप २ मधुमेह यांच्याशी या आजाराचा संबंध आहे. आणि एक धोका लगेचचा: गाडी चालवताना डुलकी लागणं. घरात कोणी रात्रपाळी करत असेल किंवा रोज लांबचं ड्रायव्हिंग करत असेल, तर हे हलक्यात घेऊ नका.

स्मार्टवॉच काय करतं?

सॅमसंगच्या या फीचरला अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली, ॲपलच्या फीचरला सप्टेंबर २०२४ मध्ये. सॅमसंगचं घड्याळ झोपेतला ऑक्सिजन बघतं. ॲपलचं घड्याळ मनगटाच्या बारीक हालचालींवरून श्वासातले अडथळे ओळखतं आणि ३० दिवसांचा डेटा तपासतं.

दोन्ही फक्त मध्यम ते गंभीर आजाराची शक्यता सांगतात, निदान करत नाहीत. त्यामुळे नोटिफिकेशन आलं नाही, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. सौम्य आजार त्यातून सुटू शकतो.

मग पक्कं निदान कसं होतं?

स्लीप स्टडीने. लॅबमध्ये एक रात्र झोपवून मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके एकत्र मोजतात. घरी करायची सोपी टेस्टही असते. पण अशा बऱ्याच टेस्टमध्ये मेंदूच्या लहरी मोजत नाहीत. त्यामुळे तुम्ही जागे असलेला वेळही हिशोबात धरला जातो आणि एएचआय खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. रिपोर्ट नॉर्मल, पण त्रास कायम असेल, तर लॅब टेस्टबद्दल विचारा.

आज काय कराल?

बाबा, आई किंवा रूममेट जोरात घोरत असतील आणि मध्येच आवाज थांबून दचकत असतील, तर त्यांना सांगून, त्यांच्या परवानगीने, फोनवर रेकॉर्डिंग करा. सोबत घड्याळाचा रिपोर्ट घ्या आणि कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. सीपॅप मशीन, वजन कमी करणं, कुशीवर झोपणं असे उपाय आहेत. कोणता लागू पडेल ते डॉक्टर ठरवतील. पण झोपलेल्या माणसाला स्वतःचा थांबलेला श्वास ऐकू येत नाही. तो तुम्हालाच ऐकू येतो, म्हणून सांगायचंही तुम्हीच.