खडीचा इतिहास आणि 'गौण' ठरवलेली माणसे

बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. इतिहासात अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव आहे, बोगद्यांची संख्या आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुरुंगाने उडवणारे, घणाने फोडणारे, डोक्यावरून वाहणारे हजारो मजूर मात्र 'लेबर' या एका शब्दात संपतात. रेल्वेच्या माती-दगडाच्या कामांवर वडारांच्या टोळ्या राबल्याचे इयान कर यांच्यासारख्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात ते आले नाही.

मातीवडार, गाडीवडार, पाथरवट ही नावेच कामावरून पडली. जात ही कामांची नव्हे, काम करणाऱ्यांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. खाणीइतका त्याचा उघड पुरावा दुसरा नाही. त्यात कामामागे भटकणाऱ्या जमातींवर इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संशयाचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. महाराष्ट्रात वडार आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत, तर शेजारच्या कर्नाटकात अनुसूचित जातींत. दगड तोच, घण तोच, सीमा ओलांडली की हक्क बदलतो!

यंत्र आले म्हणून काय बदलले? जबड्यासारखा दगड चावणारा क्रशर अमेरिकेत एली ब्लेक यांनी १८५८ साली पेटंट केला. आज खाणीत भोके पाडून सुरुंग लावतात, मोठे डबर फोडतात, क्रशरमध्ये टाकतात. मग हलत्या चाळण्यांवर ४०, २०, १२ मिलिमीटरची खडी वेगळी होते. खाली उरते ती कच आणि भुकटी. ती नदीच्या वाळूऐवजी बांधकामात जाते, आणि तिचीच धूळ मजुराच्या छातीत. क्रशरने हाताने खडी फोडणाऱ्या बाईचे काम घेतले, पण तिला यंत्र चालवायला कुणी शिकवले?

आता कायदा बघा. १९५७ च्या खनिज कायद्यात बांधकामाचा दगड आणि खडी 'गौण खनिज' आहे. १९५२ च्या खाण कायद्याने अशा उघड्या खाणींना बहुतेक तरतुदींतून सूट दिली, पण तीन अटी एकत्र घालून: खोली ६ मीटरपर्यंत, मजूर ५० पर्यंत आणि स्फोटकांचा वापर नाही. म्हणजे सुरुंग उडाला की सूट संपली. तरी हा प्रश्न खाणीवर जाऊन विचारतो कोण? फरिदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांचा प्रश्न बंधुआ मुक्ती मोर्चाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८३ साली निकाल लागला. एका पत्राने ते झाले, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. खाण कामगारांचा प्रश्न त्यांनी सरकारच्या टेबलावर ठेवला. आम्ही मात्र खाणीतल्या वस्तीत जयंतीपुरते जातो आणि वडार बांधवांचा प्रश्न 'त्यांचा' म्हणून सोडून देतो. हे थांबले पाहिजे.

दगड फोडणे आणि खडी करणे हे काम महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार मंडळाच्या यादीत आहे. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मालक तो सहज देत नाही, म्हणून तिथे संघटना लागते. आपल्या तालुक्यातल्या खाणींची यादी काढा, मजुरांची नावे लिहा, दाखल्यासाठी त्यांच्यासोबत उभे राहा. ज्यांची नावे रेल्वेच्या इतिहासात नाहीत, त्यांच्या नातवंडांची नावे निदान मंडळाच्या वहीत तरी चढू द्या.

जय भीम!